बाबांचं व्हेनिस की आईचे गुडघे?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई अडतीस वर्षांच्या, नोकरी पुण्यात, माहेर कराडकडचं. वडील ७१ वर्षांचे, आई ६६. वडिलांचं पस्तीस वर्षं टेलरिंगचं दुकान होतं, मशीनच्या वरच्या भिंतीला एका कापडवाल्याने दिलेल्या कॅलेंडरमधलं चित्र फ्रेम करून लावलेलं, कालवा, नाव, जुनी घरं. गिऱ्हाईकाचं माप घेता घेता वडील सांगायचे, "हे व्हेनिस, एकदा जायचंय." दुकान बंद झालं आणि फ्रेम घरी हॉलमध्ये आली. आता एप्रिलच्या शेवटी ताई आणि त्यांचे मिस्टर आई-वडिलांना घेऊन युरोपला निघालेत, सहा दिवस फ्रँकफर्टला भावाकडे आणि पुढच्या चार रात्री मोकळ्या. ताईंना वाटतं व्हेनिस अस्वच्छ, वास येतो, गर्दी आणि लूट, त्यात पुलांना पायऱ्या आणि आईचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर ती दोन किलोमीटर चालते पण जिना म्हटला की संपलं. म्हणून ॲमस्टरडॅम बरं. पण तिथे गांजा आणि "तसला एरिया", आई-वडिलांना घेऊन कसं जायचं? मिस्टर म्हणतात दोन-दोन दिवस दोन्ही करू. भाऊ म्हणतो कुठेही जा, कालवा तो कालवा. आई-वडील शुद्ध शाकाहारी. प्रश्न एकच, दोन्हीपैकी कुठे?

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग तुम्ही सोबत पाठवलेला त्या फ्रेमचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघत बसले, आणि खरं सांगते, पत्रापेक्षा जास्त वेळ मी त्या फोटोतच अडकले. तुम्ही तो "बाबांचं स्वप्न किती जुनं आहे बघा" म्हणून पाठवलाय, कागद पिवळा पडलाय, काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा आलाय, तरी बरंच दिसतंय. कालव्याच्या काठाने झाडं आहेत, मोठी, पाण्यावर वाकलेली. पुलाच्या लोखंडी कठड्याला दोन सायकली टेकवून ठेवल्यात. घरं उंच आणि अरुंद, एकमेकांना चिकटलेली, आणि माथ्यावर प्रत्येक घराला एक लाकडी तुळई बाहेर आलेली, तिला हूक. डाव्या कोपऱ्यात लाल गाडीचा मागचा भाग. आणि पुलाच्या कमानीतून मागे बघितलं तर अजून एक कमान, तिच्या आत अजून एक.

ताई, हे व्हेनिस नाहीये.

व्हेनिसच्या जुन्या शहरात सायकल चालवायलाच बंदी आहे, आणि गाडी तर पियाझ्झाले रोमा नावाच्या चौकापाशी थांबते ती थांबतेच, त्याच्या पुढे चाकाचं काही जात नाही. कालव्याच्या कडेला अशी झाडांची रांगही तिथे नसते, बहुतेक ठिकाणी घराची भिंत थेट पाण्यात उतरलेली असते. माथ्यावर हूक असलेली अरुंद घरं ही ॲमस्टरडॅमची ओळख, जिने इतके चिंचोळे की सामान आतून वर नेताच येत नाही, म्हणून दोर बांधून बाहेरून ओढून खिडकीतून आत घ्यायचं, आजही घर बदलताना पियानो कपाटं अशी चढवतात. आणि त्या एकात एक कमानी म्हणजे रेगुलियर्सग्राख्त, ग्राख्त म्हणजे कालवा, तिथे सात पूल एका रेषेत येतात आणि हेरेनग्राख्तच्या कोपऱ्यावर बोट वळली की सातही कमानी एकदम दिसतात, दुर्बिणीतून बघितल्यासारख्या. तुमच्या बाबांनी पस्तीस वर्षं ॲमस्टरडॅमकडे बघून व्हेनिस म्हटलंय.

आता लगेच मिस्टरांना हाक मारू नका आणि फॅमिली ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. यावर हसू येणार हे मला कळतंय, पण ज्या माणसाने शेकडो गिऱ्हाइकांना ते चित्र दाखवलं त्याला सगळ्यांच्या समोर "अहो बाबा, ते व्हेनिस नव्हतंच" असं ऐकावं लागणं फार वाईट. आणि दुसरं म्हणजे यावरून ॲमस्टरडॅम ठरलं असंही समजू नका. बाबांच्या मनात एक चित्र आहे आणि एक नाव आहे, दोन्ही पस्तीस वर्षं एकत्र राहिलीत, आता यातलं त्यांना नक्की कुठे जायचंय हे त्यांनाच ठरवू द्यायला पाहिजे. काही लोकांना त्या घरांसमोर उभं राहायचं असतं, काहींना परत आल्यावर कट्ट्यावर "व्हेनिसला जाऊन आलो" म्हणायचं असतं. दोन्ही इच्छा खऱ्याच, यात कमी-जास्त काही नाही.

अजून एक गोष्ट पत्रात खटकली ती आधीच बोलून टाकते. आईच्या गुडघ्यांचा उल्लेख चार वेळा आलाय, मी मोजला. आईला काय बघायचंय हे एकदाही नाही. तुम्ही काळजीनेच लिहिलंय, पण आपल्याकडे असं फार होतं, बाबांचं स्वप्न, मुलांचं बजेट आणि आईचं दुखणं. तिला विचारलंय का? "मला काय, तुम्ही न्याल तिकडे" हे पहिलं उत्तर येणार, ते धरू नका. दोन दिवसांनी भाजी निवडताना परत विचारा. ट्यूलिपची शेतं असंही उत्तर येऊ शकतं, आणि तसं आलं तर एप्रिलच्या शेवटाला फार अर्थ येतो.

आता भावाचं "कालवा तो कालवा". हे मला मुळीच पटत नाही. व्हेनिसमध्ये पाणी हाच रस्ता आहे. शंभरावर छोटी बेटं, चारशेच्या वर पूल, आणि गावाच्या मधून उलट्या एस सारखा वळत गेलेला जवळजवळ चार किलोमीटरचा ग्रँड कॅनाल, त्यावर पूल फक्त चार. भाजी बोटीने येते, कचरा बोटीने जातो, ॲम्ब्युलन्स बोट, पोलिस बोट, अंत्ययात्राही बोटीतून निघते. लोकांची बस म्हणजे वापोरेत्तो नावाची बोट, तिचे स्टॉप असतात, नंबर असतात. सकाळी सहा-सातला त्या एक नंबरच्या बोटीत पुढे उभं राहिलं की दोन्ही बाजूला पाण्यातून उगवल्यासारखे वाडे, कुणाचा जिना पाण्यात बुडालेला, पायरीवर शेवाळ, आणि आपण त्या सगळ्याच्या मधून ऑफिसला जाणाऱ्या माणसांबरोबर चाललोय, हे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

ॲमस्टरडॅममध्ये पाणी रस्त्याच्या शेजारी आहे. तो मोठा कालव्यांचा पट्टा सतराव्या शतकात आखून खणलाय, १६१३ ला काम सुरू झालं, व्यापाऱ्यांचं गाव, मालाच्या बोटी थेट गोदामाच्या दाराशी याव्यात हा हिशोब. २०१० मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. इथे कालव्याच्या दोन्ही बाजूंना रस्ता, रस्त्याला झाडं, सायकली, ट्राम, कुणी काठावर पाय सोडून डबा खातंय, कुणाचं घरच बोटीत आहे आणि बोटीच्या छतावर कुंड्या. तुम्ही पाण्याच्या कडेने चालत राहता. ज्याला चालत चालत दुसऱ्याचा संसार बघायला आवडतं त्याला हे गाव आवडतं, आणि ज्याला आपलं रोजचं जग पूर्ण सुटावंसं वाटतं त्याला व्हेनिस. माझं तरी असं मत झालंय.

व्हेनिसबद्दल तुम्ही जे ऐकलंय ते अर्धं खरं. वास येतो, उन्हाळ्यात भर दुपारी आणि ओहोटीला छोट्या कालव्यांमध्ये येतो, एप्रिलमध्ये फारसा नाही. तिथे समुद्राची भरती-ओहोटीच रोज पाणी बदलते. ॲमस्टरडॅमला ते काम माणसांना करावं लागतं, आठवड्यातून काही वेळा रात्री कालव्यांची दारं बंद करून ताजं पाणी आत सोडतात, शिवाय तिथल्या तळातून वर्षाला हजारो सायकली गळाने बाहेर काढतात, म्हणजे स्वच्छ-अस्वच्छ हा निकष इथे कामाचा नाही. गर्दी मात्र दोन्हीकडे आहे आणि दोन्ही गावं तिला वैतागलीत. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाख माणसं राहायची, आता पन्नास हजारसुद्धा नाहीत, घरं भाड्याने पर्यटकांना गेली. २०२४ पासून नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ठराविक दिवशी प्रवेश फी घेतात, सध्या आधी भरली तर ५ युरो, ऐनवेळी १०, आणि हे दिवस एप्रिल ते जुलैमधलेच असतात. रात्री व्हेनिसमध्ये मुक्काम असेल तर ती फी लागत नाही पण साइटवर नाव नोंदवावं लागतं, ते विसरू नका. लूट म्हणाल तर गोंडोला नावाच्या तिथल्या काळ्या नावेचा दर ठरलेला आहे, दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, आणि हा माणशी नव्हे, अख्ख्या नावेचा, पाच जण बसतात. तुम्ही चौघं आहात, भाऊ आला तर पाच. दर माहीत नसलेल्या माणसाला लुटल्यासारखं वाटतं, माहीत असला की महाग वाटतो, एवढाच फरक. आणि नुसतंच गोंडोल्यात बसल्याचा आनंद हवा असेल तर त्रागेत्तो म्हणून असतं, ग्रँड कॅनाल ओलांडून देणारी साधी नाव, दोन युरोत पलीकडे. दोन मिनिटांचं काम, पण काळी नाव तीच.

ॲमस्टरडॅमच्या "तसल्या एरिया"ची भीतीही थोडी बाजूला ठेवा. तो भाग आहे, जुन्या गावाच्या मध्यात आहे, पण मोजक्या गल्ल्यांचा आहे आणि तिथे चुकून कुणी पोचलंच तर दोन मिनिटांत बाहेर पडता येतं. हॉटेल त्या बाजूला न घेता म्युझियमच्या बाजूला किंवा योर्दान नावाच्या जुन्या वस्तीत घेतलं तर चार दिवसांत त्याचं दर्शनही होणार नाही. वास मात्र इकडेतिकडे येतो, रस्त्यात, ट्रामच्या स्टॉपवर, आणि बाबांनी विचारलं तर सरळ सांगा, एकाहत्तर वर्षांच्या माणसाने आयुष्यात गांजाचा वास कधीच घेतला नसेल असं नाही. फक्त एक, पाटीवर कॉफीशॉप लिहिलेलं असेल तिथे कॉफी प्यायला शिरू नका, ते दुकान वेगळं. कॉफी कॅफेमध्ये मिळते.

गुडघ्यांचं जरा सविस्तर बोलू, कारण असं पत्र दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं येतंच.

व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या आहेत हे खरं, छोट्या पुलाला दहा-पंधरा वर आणि तेवढ्याच खाली, रियाल्तोला, म्हणजे ग्रँड कॅनालवरच्या जुन्या मोठ्या पुलाला, त्याहून बऱ्याच जास्त. पण चारशे पूल आहेत म्हणून चारशे चढायचे नसतात. हॉटेल वापोरेत्तोच्या स्टॉपला लागून घेतलं, म्हणजे मध्ये एकही पूल न येता, तर आई बोटीतच फिरेल. सान मार्कोच्या मोठ्या चौकात जायला वाल्लारेस्सो स्टॉपला उतरलं की सरळ सपाट गल्लीतून चौकात. बोटीचं एक तिकीट साडेनऊ युरो आणि ७५ मिनिटं चालतं, म्हणून सुटी तिकिटं काढत बसू नका, तीन दिवसांचा पास ४५ युरोला आहे तो घ्या, मग दमलं की चढा, वाटलं की उतरा. स्वस्त म्हणून मेस्त्रेला, म्हणजे बेटांच्या अलीकडे जमिनीवरच्या भागात, राहायचा मोह होईल, ट्रेनने दहाच मिनिटं आहे, पण मग सकाळची आणि रात्रीची व्हेनिस हातची जाते आणि दुपारची गर्दी तेवढी वाट्याला येते, आणि आईला दुपारी तासभर पडायला खोलीही जवळ नसते. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस बरोबर असेल तर खोली गावातच पाहिजे, एक रात्र कमी करा पण गावातच.

ॲमस्टरडॅमचे पूल उंचवट्यासारखे, रस्ता नुसता वर जाऊन खाली येतो, आई आरामात जाईल. पण गुडघ्यांचा सापळा तिथेही आहे आणि तो हॉटेलात आहे. मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते तेव्हा "कालव्यावरचं सतराव्या शतकातलं घर" असं वाचून हौसेने बुकिंग केलं, फोटोत खिडकी, खिडकीत पाणी, सगळं सुंदर. पोचलो तर खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना म्हणजे माळ्याला लावतात तशी शिडी, पायरीवर अर्धंच पाऊल मावतं आणि एका बाजूने दोर धरून चढायचं. सासूबाई चार दिवस त्या जिन्यावरून बसत बसत उतरल्या. मला अजून ते आठवलं की पोटात तुटतं. म्हणून हॉटेलला मेल करून दोन गोष्टी लेखी विचारा, लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती. दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तिथेच सहा-सात दगडी पायऱ्या निघतात. ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिथल्या मागच्या भागातले जिनेही असेच उभे आहेत, आईला जमणार नाही, तुम्ही दोघं जा, तोवर ती दोघं कालव्याकाठी बाकावर बसतील. त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात आणि भराभर संपतात, मोबाइलला गजर लावा.

आणि ॲमस्टरडॅमला आईबाबांना एक गोष्ट शिकवून ठेवायला लागेल ती म्हणजे सायकलचा रस्ता. लालसर रंगाचा असतो, फुटपाथसारखा दिसतो, आपली माणसं फोटो काढायला नेमकी तिथेच उभी राहतात, आणि मागून येणारा सायकलवाला थांबत नाही.

जेवणाचं ॲमस्टरडॅम सोपं जाईल. सुरिनाम ही डचांची वसाहत होती, १८७३ पासून कलकत्त्याहून बोटी भरभरून मजूर तिकडे नेले, पहिलं जहाज लल्ला रूख, आणि त्यांची पतवंडं आता हॉलंडमध्ये राहतात, रोटीची दुकानं चालवतात. बटाटा, चवळीच्या शेंगा आणि मऊ मोठी रोटी, अंडं नको म्हणून आधी सांगायचं. बाबांना ही गोष्ट सांगून मग तिथे जेवायला न्या, घास वेगळा लागेल. आणि पॉफर्चेस बघितले की आई म्हणेल अगं हे तर आप्पे, पात्रही हुबेहूब आपल्या आप्पेपात्रासारखं, फक्त गोड, वर लोणी आणि पिठीसाखर. अंडं असतं का ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी असतं. व्हेनिसचं खाणं म्हणजे मासे, खारे पाणी आणि मासे, शाकाहारी माणसाला पिझ्झा-पास्ता-भाज्यांवर राहावं लागतं, चार दिवसांना चालून जातं. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको मासे नको, दोन्ही म्हणायचं कारण नुसतं मांस नको म्हटलं की मासा येतो.

दोन-दोन दिवस दोन्ही हा मिस्टरांचा मार्ग मात्र मला मान्य नाही. फ्रँकफर्ट ते ॲमस्टरडॅम थेट ट्रेन चार तासांची, बरं. फ्रँकफर्ट ते व्हेनिस विमान सव्वा तास, तेही बरं. पण ॲमस्टरडॅम ते व्हेनिस दोन तासांचं विमान म्हणजे पॅकिंग, एअरपोर्ट, रांगा, पुन्हा हॉटेल शोधणं, अख्खा दिवस जातो आणि तो आईच्या पायांच्या हिशोबातून जातो. चार रात्रींत एक गाव. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा बेकरीवाला ओळखीचं हसतो, त्यासाठी जायचं असतं.

तारखा नीट बघा. २७ एप्रिल हॉलंडमध्ये राजाचा वाढदिवस, अख्खं गाव नारिंगी कपड्यांत रस्त्यावर, कालव्यात बोटींना बोटी लागलेल्या, मध्यभागात ट्राम बंद, हॉटेलं दुपटीने महाग. तरण्या पोरांना मजा, आईला नाही. २८ नंतर पोचा. हॉटेलवर साडेबारा टक्के टुरिस्ट टॅक्स वेगळा लागतो तो बजेटमध्ये धरा. ॲमस्टरडॅमजवळची केउकेनहॉफची ट्यूलिपची बाग मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत साधारण उघडी असते, तिथे रस्ते सपाट आहेत, व्हीलचेअरही मिळते. व्हेनिसला २५ एप्रिल आणि १ मे या सुट्ट्या, इटलीतलीच माणसं लोटतात. व्हिसाचं टेन्शन घेऊ नका, सगळ्यात जास्त रात्री जर्मनीत आहेत म्हणजे अर्ज जर्मनीकडेच, पुढचं गाव कोणतंही असो. पण अर्जात हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, म्हणून निर्णय लवकर घ्या आणि रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

माझं मत विचारलंत तर माझा कौल ॲमस्टरडॅमला. चित्र तिथलं आहे, आईचे पाय तिथे चालतील, महिना तिथला आहे. आणि बाबांसाठी तिथे एक फार छान गोष्ट आहे, सोमवारी सकाळी योर्दानमध्ये वेस्टरस्त्रात नावाच्या रस्त्यावर कापडाचा बाजार भरतो, लाप्येसमार्क्ट म्हणतात त्याला, तागेच्या तागे, तुकडे, बटणं, अस्तर. तुमच्या चार रात्रींत एक सोमवार येईल असं बघा. पस्तीस वर्षं कापड हाताळलेल्या माणसाला म्युझियममध्ये नेऊन उभं करण्यापेक्षा तिथे सोडा आणि दोन तास मागे लागू नका, भाषा येत नसली तरी दोन बोटांत कापड चोळून बघणं सगळीकडे सारखंच असतं. दाम चौकातला (दाम म्हणजे धरण) राजवाडा दाखवा, तो १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे, पोरांना शाळेत सांगतात की वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक लावा, मागे नऊ. बाबा हा आकडा परत येऊन सगळ्यांना सांगतील. रस्त्यात मान वर करून घरांचे माथे बघायला सांगा, कुणाचा पायऱ्या-पायऱ्यांचा, कुणाचा घंटेसारखा, कुणाचा मानेसारखा उंच, शिंप्याची नजर त्यात रमेल, कॉलर बघावी तसे ते बघतील. सेंट्रल स्टेशनच्या मागच्या बाजूला फेरीबोटी आहेत, पलीकडे जायला पैसेच पडत नाहीत, रोज संध्याकाळी एक फेरी मारा. आणि आपल्या वेंगुर्ल्याला डच वखारीची पडकी भिंत अजून उभी आहे ती याच गावच्या आणि इतर डच गावांच्या व्यापाऱ्यांची, १६०२ मध्ये ज्यांनी मिळून डच ईस्ट इंडिया कंपनी काढली त्यांची, कधी कोकणात गेलात तर तीही दाखवा.

पण सगळं ऐकून बाबा म्हणाले नाही, मला व्हेनिसच, तर एक शब्द न बोलता व्हेनिसचं बुकिंग करा. तेही मनापासून करण्यासारखं गाव आहे. मग चारातला एक दिवस बुरानोला द्या, फोन्दामेन्ते नोवेहून बारा नंबरची बोट, पाऊण तासाच्या आत पोचवते. रंगीत घरांचं छोटं बेट, पूल मोजकेच, आणि तिथली सुईची लेस. आधाराला खाली कापडच नाही, नुसत्या दोऱ्यावर दोरा घेत हवेत टाके घालायचे, त्या कामाचं जुनं नावच "हवेतला टाका" असं आहे. त्याचं म्युझियम आहे. बाबांना काय वाटेल हे मी तुम्हाला सांगायला नको. दुकानात स्वस्त लेस दिसली तर ती मशीनची आणि बाहेरची समजा, पण ते बाबा काचेवरूनच ओळखतील. आणि आईची किंवा आजीची पुतळ्यांची माळ घरात असेल तर जाण्याआधी एकदा काढून बघा, त्या पुतळ्या मूळच्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याच्या, ते नाणं व्यापारातून आपल्याकडे आलं, त्यावर माणसांच्या आकृत्या म्हणून आपण त्याला पुतळी म्हणायला लागलो आणि गळ्यात घातलं. मूळ नाण्यावर तिथला डोज, म्हणजे निवडलेला राज्यप्रमुख, संतापुढे गुडघे टेकून बसलेला असतो. हे आईला डोजच्या राजवाड्यासमोर उभं राहून सांगा, ती ट्रिप मग तिचीही होईल.

राहिला प्रश्न बाबांना सांगायचं कसं. तर तुम्ही सांगूच नका. तुमच्या फोटोत चित्राच्या खालच्या कडेला, फ्रेमच्या पट्टीखाली, इंग्रजी अक्षरांचे वरचे अर्धे भाग दिसतायत, काळ्या शाईचे. कॅलेंडरवाले चित्राखाली जागेचं नाव छापायचे आणि फ्रेम करताना ती पट्टी आत दुमडली गेलेली दिसतेय. या शनिवारी कराडला जाल तेव्हा काच फार कळकट झालीये, आतून पुसू या, एवढंच म्हणा. मागचे खिळे बाबांनाच काढू द्या, पक्कड त्यांच्याकडे असेलच. तुम्ही शेजारी बसा, चहा ठेवायला सांगा, आणि ते वाचतील तेव्हा काही बोलू नका. थोड्या वेळाने तेच विचारतील, मग आपण कुठे जायचं. आईही तिथेच असू दे.